दिसता डोळा

गुंद गावच्या तुळजाला उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली, तेव्हा घरात कुणी तिकडं फारसं बघितलंच नाही. सुगीचे दिवस होते, खळ्यावर मळणी चालली होती. तूस डोळ्यात जाऊन रांजणवाडी उठणं ही काही बोलून दाखवायची गोष्ट नव्हती. तिनं लवंग उगाळून लावली, तळहात घासून शेक दिला. मुगाएवढी गाठ तेवढीच राहिली. दुखायची मात्र नाही.

तुळजा पन्नाशी ओलांडलेली कुणबी बाई, हाताला उरक असलेली आणि तोंडानं फटकळ. घरामागच्या उतारावर कंद लावायची, काढायची. दवाखान्यात जाऊन बसणं तिला दिवस फुकट घालवणं वाटायचं. शेवटी मुलगा शिवानंद तिला बळंच तालुक्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरनं गाठ चिरून साफ केली. ती त्याच जागी परत आली. परत चिरली, परत आली.

सून रक्षिता एकदा तिच्या डोक्याला तेल लावत होती. तिचा हात थांबला.

"आत्ती, हितले पापणीचे केस कुठं गेले?"

"गळले असतील."

"गाठीवरचेच कसे गळले?"

तुळजानं आरसा मागितला. गाठीच्या जागी पापणीची कड भादरल्यासारखी गुळगुळीत झाली होती.

हुबळीच्या एका मोठ्या दवाखान्यात पापण्यांची ऑपरेशनं करणारी डॉक्टरीण होती. तिनं पापणी उलटून बराच वेळ बघितलं. एक तुकडा काढून तपासायला पाठवला. आठवड्यानं तुळजाला, तिचा नवरा लाडू याला आणि शिवानंदला समोर बसवून तिनं कन्नडमध्ये सांगितलं: पापणीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यातल्या एकीत कॅन्सर झालाय. दिसतो रांजणवाडीसारखाच, म्हणून फसवतो. वरची पापणी काढायची, खालच्या पापणीचा भाग वर ओढून नवी करायची. तोवर काही आठवडे डोळा शिवलेला राहील.

"आत्ता केलं तर डोळा वाचेल, अम्मा."

"मला दिसतंय की," तुळजा म्हणाली. "दुखत बी न्हाई. घरी जाऊन सांगतो."

घरी आल्यावर डॉक्टरिणीनं दिलेले थेंब ती नेमानं घालायला लागली. लाली उतरली. गाठही चपटी दिसायला लागली.

"अवो, बघा, बसत आली."

लाडूनं वाकून बघितलं. त्यालाही ती बसल्यासारखी वाटली, कारण त्याला तसंच वाटून घ्यायचं होतं. "व्हय," तो म्हणाला. दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तुळजानं उळवीची जत्रा होऊ दे म्हणून सांगितलं. जत्रा झाली. मग उन्हाळा सरू दे म्हणाली. रक्षिता रोज सकाळी चहा देताना सासूच्या तोंडाकडं बघायची. पापणी जाड होत होती. आता खालच्या पापणीचेही केस विरळ झाले होते. तिनं दोनदा सांगून बघितलं. दुसऱ्यांदा तुळजा तिच्यावर खेकसली, तेव्हा ती गप्प झाली.

एका सकाळी उशीवर रक्त होतं.

हुबळीची डॉक्टरीण या वेळी फार वेळ बघत बसली नाही. "नुसती पापणी काढून आता भागणार नाही. आतल्या अस्तरावरून सगळीकडं पसरलंय, मागंही शिरलंय. दोन्ही पापण्या, डोळा, खोबणीतलं सगळं काढावं लागेल."

तुळजानं डावा डोळा हातानं झाकला आणि उजव्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचे कन्नड आकडे वाचून दाखवले. एकही चुकला नाही.

"बघा. दिसतंय. दिसता डोळा काढनार तुमी?"

"होय, अम्मा. डोळ्यासाठी थांबलो तर तुम्ही राहणार नाही."

दोघं नवराबायको बाहेर बाकावर येऊन बसली. "बसत आली म्हणून मीच म्हणलो," लाडू म्हणाला.

"तुमी काय म्हणला असता तरी मी ऐकनार व्हतो व्हय?" तुळजा म्हणाली.

ऑपरेशनला नेण्याआधी तिनं त्याला खाटेसमोर उभं केलं. परत डावा डोळा झाकला. "हालू नगा," म्हणाली, आणि त्याच्याकडं बघत राहिली. नर्स आली तरी तिनं हात काढला नाही.

खोबणीला आतून मांडीची कातडी लावली होती. पट्टी सुटली तेव्हा रक्षितानं आरसा धरला. तुळजानं बघितलं. भाजल्यावर नवी कातडी येते तसं गुलाबी, तुळतुळीत, आत गेलेलं काहीतरी. "झाका," एवढंच ती म्हणाली. चष्म्याला बसवायचा खोटा डोळा मिळतो, असं डॉक्टरिणीनं सांगितलं, पण तुळजानं कापडाची पट्टीच पत्करली.

घरी आल्यावर चहा कपाबाहेर पडायचा. कंद खणताना कुदळ चुकायची. हाताला सवय होत गेली तसं तेही सुधारलं. पण दुसरंच काही सुरू झालं होतं. पट्टीच्या बाजूला तिला उजेड दिसायचा, कधी हालचाल. ती वाटेत थांबायची, अख्खी मान वळवायची. तिथं नुसतं रान असायचं.

"कोन तरी हुबं हाय असं वाटतं," तिनं तपासणीला गेल्यावर सांगितलं.

डोळा गेल्याचं मेंदूला पटायला वेळ लागतो, हळूहळू कमी होईल, असं डॉक्टरीण म्हणाली. बोलता बोलता तिची बोटं तुळजाच्या कानापुढं आणि मानेवर फिरत होती. एका जागी ती थांबली, परत तिथंच दाबून बघितलं. लाडू पुढं वाकला.

"आत्ता हाताला गाठ काही लागत नाही," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी या."

"बरं झालंय न्हवं?" लाडूनं विचारलं.

"आत्ता काही नाही," तिनं परत तेच सांगितलं.

तेव्हापासून लाडू तिच्याबरोबर रानात जाताना तिच्या उजव्या अंगानं चालतो. का, ते त्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. तो चालताना एकसारखा काहीतरी बोलत राहतो, म्हणजे त्या बाजूला कोण आहे ते तिला कळावं.