आजींचं माहेर विचारलं: कल्याण, आंबिवली, खडवली

लोक तिबेटी माणसं बघायला धरमशालेला जातात. मी कल्याणला गेलो. हिवाळ्याचे तीन महिने ती तिथल्या मैदानाच्या कुंपणाला लागून स्वेटर विकत असतात, आणि आपण डोंबिवलीकर त्यांच्याशी आयुष्यात एकच वाक्य बोलतो : ‘शेवटचं काय ते सांगा.’

जायचं ठरवलं माझ्या भाचीने. सई परदेशात शिकते, विषय मौखिक इतिहास. म्हणजे म्हाताऱ्या माणसांचं बोलणं ऐकायचं. घरी तिच्या आजीचं बोलणं तिने कधी दोन मिनिटं ऐकलं नव्हतं, पण त्याला पदवी मिळत नाही. तिचा फोन आला, ‘मामा, तू दर वर्षी त्या डोल्मा आजींकडून स्वेटर घेतोस ना? त्या आमच्याशी बोलतील? तू सांगितलंस तर?’

तू सांगितलंस तर. इथेच मी फुगलो.

डिसेंबरातला मंगळवार. सई आणि तिचा वर्गमित्र मॅथ्यू ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या हॉटेलात उतरलेले. खिडकीतून कारखान्याची भिंत दिसते, पण नाश्ता बरा असतो. तिथून गाडीने काशेली, भिवंडी बायपास, दुर्गाडीचा पूल. कागदावर तासाभराचा रस्ता, प्रत्यक्षात कंटेनरांची मर्जी. सकाळी आठच्या आत निघा, किंवा निघू नका. गोदामं संपेनात तेव्हा मॅथ्यूने विचारलं, ‘शहर कधी लागेल?’ मी म्हटलं, ‘हेच आहे. लागून गेलं.’

स्टॉलवर डोल्मा आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘तू पोट वाढवला. आता डबल एक्सेल घे.’

‘आजी, ही माझी भाची. तुमची गोष्ट रेकॉर्ड करायची म्हणते.’

‘गोष्ट कशाला? स्वेटर घे ना.’

मी गळ घातली. आजींनी सईकडे पाहिलं, मॅथ्यूच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि शेवटी माझ्याकडे. ‘तू बोलतो तर ठीक. तुझी आई चांगली होती.’ आई गेली त्या वर्षी या बाईने मला शाल दिली होती आणि पैसे घ्यायला तयार नव्हती. हे मी सईला सांगितलं. तिने ते वहीत ‘विश्वासाचे नाते’ असं लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आंबिवली. मोसमापुरती ही मंडळी तिथे खोल्या भाड्याने घेतात. स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळते. वडापाव गरम मिळाला तर खा, चहा मात्र आजींकडचाच प्या. लोणी-मिठाचा चहा मॅथ्यूने डोळे मिटून प्यायला. आजींनी मला साखरेचा दिला : ‘तू नको, तुला जमणार नाही.’

मग यंत्र मांडलं. मॅथ्यू म्हणाला, आवाज तपासतोय, काहीही बोला. आता आपल्या माणसाला ‘काहीही बोला’ म्हटलं की तो काय बोलणार? आपण अनोळखी माणसाला आधी गाव विचारतो, मग माहेर, मग भावंडं किती. त्याला आपण आपुलकी म्हणतो.

‘माहेर कुठलं हो आजी?’ मी विचारलं.

आजी खुलल्या. माहेर हा शब्द त्यांना कल्याणच्या गिऱ्हाइकांनीच शिकवलेला. त्यांनी तिबेटातल्या गावाचं नाव सांगितलं. दहा वर्षांच्या असताना वडिलांबरोबर निघाल्या. धाकटी बहीण तापलेली, म्हणून ती आईजवळ राहिली. बहिणीचं नाव सांगितलं. तिचा नातू तिथल्याच शाळेत मास्तर आहे, तेही कौतुकाने सांगितलं. मॅथ्यूने अंगठा वर केला. आवाज छान येत होता.

खरी मुलाखत सुरू झाली, संमतीच्या कागदावर सही झाली, आणि यादीतला सातवा प्रश्न आला : मागे कोण राहिलं?

‘कोणी नाही,’ आजी म्हणाल्या.

सईने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

जेवून सगळे खडवलीला. मॅथ्यूला आजींचा नदीकाठी फोटो हवा होता, कारण त्या नदी ओलांडून आल्या होत्या. (तुम्ही गेलात तर रविवार टाळा आणि पाण्यात उतरू नका.) आजी भातसेकडे बघत म्हणाल्या, ‘ती नदीत बर्फ होता. इथे भजी आहे.’ मॅथ्यूने त्यांना दूरवर बघायला सांगितलं. त्यांनी बघितलं. समोर एक कुटुंब टेम्पो धूत होतं.

परत फिरताना त्यांनी माझं कोपर धरलं.

‘ते पहिलं बोललं ना, बहिणीचं. ते मशीनमध्ये नाही ना? तिकडे कळला की बाहेर नातेवाईक आहे, तर त्या मास्तर मुलाची नोकरी जाते. पोलीस येतो. मी तिकडे फोन पण बंद केला.’

मॅथ्यू दहा पावलांवर होता. विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

‘छे हो आजी,’ मी म्हटलं, ‘ते नुसतं टेस्टिंग होतं.’

न विचारता, ठणकावून. माहीत नसलेल्या गोष्टीची खात्री देण्यात आपला हात कोण धरणार?

जानेवारीच्या शेवटी सईने विद्यापीठाच्या संग्रहाची लिंक पाठवली. दूरवर बघणाऱ्या आजी, खाली बटण. दाबलं, तर पहिला आवाज माझा : ‘माहेर कुठलं हो आजी?’ मग गाव, बहीण, नातू, शाळा. खाली सगळं इंग्रजीत उतरवलेलं, एकही चूक नाही.

सईला फोन केला. ती रडली, पण तत्त्वाने रडली. ‘मामा, आमच्याकडे मूळ ध्वनिमुद्रण कापत नाहीत. मी विनंती टाकलीय, समितीपुढे जाईल. त्यांनी स्वतः लेखी अर्ज दिला तर लवकर होईल. इंग्रजीत.’

‘त्या इंग्रजीत फक्त मीडियम आणि लार्ज म्हणतात, सई.’

अर्ज मी लिहिला आणि आजींच्या सहीसाठी कल्याणला गेलो. यावेळी रस्ता मोकळा होता. नको असतो तेव्हा असतोच. आजी गाठोडी बांधत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी ओरडावं म्हणून थांबलो. त्यांनी एक स्वेटर घडी केला, उलगडला, पुन्हा घडी केला. मग जिथे बोट ठेवलं तिथे सही केली. याआधीही त्यांनी अशीच केली होती.

‘किती लोकांनी ऐकला?’

‘एक्केचाळीस.’

‘त्यात ते लोक आहेत?’

‘माहीत नाही, आजी,’ मी म्हटलं. हे वाक्य मला खडवलीला सुचलं नव्हतं.

घरी येऊन चार आठवडे झाले. समिती अजून बसलेली नाही. गावाचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, एवढी अक्कल आता आली. रोज ते पान उघडतो, हटवलंय का बघायला. आकडा आता त्र्याण्णव आहे. वाढलेले सगळे मीच असेन, अशी मनाची समजूत घालतो आणि खात्री करायला पुन्हा उघडतो.