कमालभाईंची पदवी, गेटपासवर

लोधिवलीचे कमालभाई आमच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवत. मी लोडिंगला होतो. त्यांनी पॅलेट खाली ठेवलं की आवाज येत नसे. एवढ्यावरून माणूस कळावा.

कॉलेज त्यांनी नोकरीसाठी अर्धवट सोडलं होतं. मुलगी अल्मास बी.कॉम. झाली. तिची पदवी विद्यापीठातून येईपर्यंत ती दुसऱ्या नोकरीला लागली होती. कमालभाईंनी ती भिंतीवर लावली आणि शेजारी आणखी एक खिळा ठोकला.

"हा कुणाचा, अब्बा?"

"माझा."

कंपनीनं कँटीनच्या माळ्यावर स्वतःचं विद्यापीठ काढलं होतं. अल्मासला वर्गात बसायची फी पडली होती. इथं बसायचा पगार मिळे. तिथं निकाल रखडे. इथं तो परीक्षेआधीच लागलेला असे, कारण नापास माणूस साहेबांच्या टार्गेटमध्ये बसत नसे. तरी कमालभाई अभ्यास करूनच येत. पदवीदानाला अंगात काळा झगा, डोक्यावर हेल्मेट. 'माल हाताळणी पदवीधर', फ्रेमसकट.

संध्याकाळी गेटवर धाऊ वॉचमननं अडवलं.

"फ्रेम कंपनीची हाय, कमालभाई. गेटपास?"

"अरे, नाव माझं आहे तिच्यावर."

"नाव तर तुमच्या लॉकरवर पण हाय. तो नेता का घरी?"

शेवटी परत आणायच्या मालाचा पास मिळाला. मग पदवी रोज संध्याकाळी कंपनीच्या बसनं घरी जाई, रात्रभर खिळ्यावर राही, सकाळी कामावर येई. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत.

अल्मास म्हणे, "माझी नुसती टांगलीय. तुमची निदान कामाला तरी जाते."

कमालभाई निवृत्त झाले तेव्हा अडचण आली. उद्यापासून परत कोण आणणार? फ्रेम कायमची बाहेर काढायला एकच वाट होती, भंगार. आणि भंगार वजनाशिवाय सुटत नाही. पदवी ट्रक तोलायच्या काट्यावर ठेवली. काटा हलेना.

धाऊ म्हणाला, "शून्याचा पास बनत नाय. जरा जड पदवी घ्यायची."

कमालभाई ती छातीशी धरून स्वतः काट्यावर उभे राहिले. "आता लिही."

धाऊनं लिहिलं. भंगार, एक नग. "पण यात तुमी पण निघालात."

"मार शिक्का."

कमालभाई आणि पदवी, दोघं एकाच पासवर बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी पहाटे कमालभाईंनी सवयीनं पदवी खिळ्यावरून काढली, पिशवीत घातली आणि बसची वाट बघत रस्त्यावर उभे राहिले. अल्मास जाऊन घेऊन आली. आधी पदवी, मग त्यांना.