गौर मागच्या खोलीत गेली

मुलांनो, श्रावणात पुतण्याचा फोन आला, "काकी, अक्का गेली." मी शिरूरहून केडगावजवळच्या आपल्या घरी पोहोचले, तेव्हा अंगणात माणसं जमली होती. अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तुम्ही व्हिडिओ कॉलवर विचारता, गौरी म्हणजे नक्की कोण? पार्वती, शक्ती, माहेरवाशीण, ही पुस्तकातली उत्तरं देऊन झाली आहेत. आज अक्कांचं सांगते.

आपल्याकडे गौर उंबऱ्यातून आत आली की तिला घरभर फिरवतात. मुखवटा घेतलेली बाई खोलीखोलीत विचारते, "इथं काय हाय?" दुसरी सांगते, "धान्य", "दूधदुभतं". मागच्या खोलीत मात्र गौर जात नसे. तिथे विधवा सासूबाई बसून असायच्या, सगळं उरकेपर्यंत. भावजी, म्हणजे अक्कांचे यजमान, गेले त्या वर्षी अक्काही, कुणी न सांगता, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. तोवर दरवर्षी गौर त्याच आणत. आता जन्मभर तिचं येणं दाराआडून ऐकायचं. मी गौर घेऊन गोठ्यापर्यंत फिरले आणि वळले, तोच आतून अक्कांचा आवाज आला, "सुमन, म्हशी दाखवल्यास व्हय तिला? आन् आम्ही दोघी न्हाई दिसलो?"

चुलतसासूबाई म्हणाल्या, "अगं, रीत हाय ती."

"असंल. पर माहेरी आलेली लेक आधी आईला हुडकती का कणगीला?"

कुणी हसलं, कुणी कुजबुजलं... मी सासूबाईंकडे पाहिलं. "आण गं हिकडं," त्या एवढंच म्हणाल्या. पदराला हात पुसून त्यांनी मुखवटा मांडीवर घेतला. पुढच्या वर्षीपासून अक्का पुन्हा गौर आणू लागल्या. आपण देवीला घर दाखवतो की ती आपल्याला, हे मला तेव्हापासून नीट सांगता येत नाही.

यंदा दुःखाचं घर, गौरी नकोत, असं भावकीचं म्हणणं पडलं. अक्कांची सून मंगल म्हणाली, "माहेरवाशिणीला दारातनं माघारी लावू व्हय?" गौर तिनेच आणली. मागच्या खोलीत येऊन तिने विचारलं, "इथं काय हाय?" उत्तर मी द्यायचं होतं. समोर अक्कांची रिकामी खाट... मी खाटेवरची चादर सारखी करू लागले. मग मंगलने मुखवटा उशीला टेकवून ठेवला, मला घेऊन बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"बसू द्या जरा," ती म्हणाली. "दोघींचं बोलणं हुईल."