ताज्या पिठाची विरी

अमरावतीच्या कापूसबाजारामागे एका कडुनिंबाखाली माणिकबाईची खानावळ होती. गावोगावचे कास्तकार गाड्या सोडून तिथं जेवायला बसत. अंबाडीची भाजी, ठेचा आणि भाकर. तिची भाकर दोन्ही तळहातांवर फिरत फिरत मोठी होई आणि तव्यावर पडली की श्वास घेतल्यासारखी फुगे. अशी भाकर आमच्या वऱ्हाडातच होते, हे मी कोणापुढेही सांगेन.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठं तरी लढाई लागली होती, आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतला कापूस चांदीच्या मोलानं जात होता. जिकडं पाहावं तिकडं कापसाचीच पऱ्हाटी. बैलांच्या शिंगांवर पितळेच्या शेंब्या चढल्या.

अशात माणिकबाईची भाकर फाटू लागली. थापताना कडा चिरायच्या, उचलताना अर्धी हातातच राहायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, चिकटपणा जातो, हे कोणतीही बाई जाणते. पण माणिकबाई रोज पहाटे ताजं दळायची. ताज्या पिठाची विरी जाईल कशी? तिनं जात्याला नव्यानं टाकी लावून घेतली. विहीर बदलली. तव्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. काहीच उमगेना, तेव्हा ती स्वतःच्या तळहातांकडे पाहत बसू लागली. आपलाच हात गेला, असं तिनं मनाशी धरलं. पंगत विरळ होत चालली होती. खानावळ मोडावी का, हा विचार चुलीपुढं रोज तिच्याशेजारी येऊन बसे.

एक दिवस दर्यापूरकडचे कास्तकार खुशालराव जेवायला आले. भाकरीचे तुकडे पाहून ते हसले नाहीत. घरी इथल्याच बाजारातली जवारी नेतो, बायकोचीही भाकर अशीच होते, म्हणाले.

"तुमच्या अमरावतीच्या जवारीतच दम नाई, माणिकबाई."

"अमरावतीची कावून? मी त तुमच्या गावाकडची समजून घेते."

गावाला वाटे, जवारी शहरात आहे. शहराला वाटे, गावात पिकते. जवळच आपली शिदोरी सोडून बसलेला नबी गाडीवान मात्र खो खो हसला. बाजारात जवारीच्या गोण्या तोच उतरवायचा. ती जवारी लमाणांच्या बैलांवर लांबच्या मुलखातून येत होती.

"दोन पावसाळे खाल्ले हाय त्या दान्यानं," तो म्हणाला. "भिजला, वाळला, पुन्हा भिजला."

म्हणजे विरी दाण्याचीच गेली होती. माणिकबाईला पटलं, आणि पटलंही नाही. तळहात तिनं पदराखाली घेतले. मग खुशालरावांना तिनं विनवलं, एक पट्टा तरी जवारी पेरा, खळ्यावरून मीच घेईन. चांदी पिकते तिथं जवारी कोण पेरणार, असं म्हणून त्यांनी उडवून लावलं. माणिकबाईनं त्यांच्या बैलांकडे बोट केलं.

"शिंगाईले पितळ अन् बरगड्या उघड्या. जवारी नाई त कडबा नाई. बैल कापूस खात नाई, भाऊ."

खुशालरावांनी उठून बैलाच्या बरगड्यांवरून हात फिरवला.

पुढच्या हंगामात त्यांच्या गाडीत कापसाखाली जवारीची पोती आली. बैलांच्या बरगड्या बुजल्या होत्या. माणिकबाईनं दळलं, मळलं, थापलं. कड चिरली नाही. भाकर फुगली. पंगत पुन्हा भरली, तरी ती मधूनच हात उलटेपालटे करून पाही.

पुढच्या खेपेला खुशालराव जेवायला बसले. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला आणि थांबले.

"ही जवारी कुठची वो? घरच्यासाठी मलेही एक पोतं पायजे. बायको अजून बाजारातल्या दान्याशीच भांडून राहिली."

माणिकबाईला वाटलं, थट्टा करतात. पण त्यांचा चेहरा अगदी खरा होता. पिकलं ते विकायचं आणि खायचं ते विकत आणायचं, ही सवय इतकी मुरली होती की सगळी जवारी त्यांनी खळ्यावरूनच गाडीत भरली होती. घरी एक पायलीही ठेवली नव्हती.

"तुमचीच हाय," ती म्हणाली.

खुशालरावांनी हातातल्या भाकरीकडे पाहिलं, मग गाडीकडे. जेवण आटोपल्यावर नबीच्या मदतीनं एक पोतं त्यांनी परत गाडीत चढवलं. बैल जुंपतानाही ते 'आपलीच... आपलीच जवारी' असं पुटपुटत होते.