नापास झालेली बांगडीवाली

फरिदाभाबीच्या आणि माझ्या घराची भिंत एकच. तीस वर्षांमागं त्या भिंतीतून एक भांडण ऐकलं. मुद्दाम नाही, पण कानात बोळेही घातले नाहीत.

भाबीचे मालक युनूसभाई ओरडत होते, "दिवसभर फिरून पेटी भरलेलीच माघारी! बांगड्या भरतीस का बायांची गाऱ्हाणी गोळा करतीस?"

"हात सैल पडल्याबगर बांगडी चढत न्हाय," भाबी म्हणाली. "आन मनातलं भाईर पडल्याबगर हात सैल पडत न्हाय. तुमीच भरून बघा एकदा!"

आमच्या निमगाव केतकीतली निम्मी मनगटं भाबीच्या ओळखीची.

मागल्या वर्षी बारामतीच्या एका संस्थेनं गावात शिबिर भरवलं. मन मोडलेल्या माणसाला पहिला आधार कसा द्यायचा, ते आम्हा साध्या माणसांना दोन दिवसांत शिकवणार. नाव भलं दांडगं, मानसिक प्रथमोपचार. बिस्किटं मिळणार म्हणून आम्ही दोघी गेलो. शेवटी परीक्षा. एकानं रडायचं सोंग करायचं, दुसऱ्यानं धीर द्यायचा. भाबीनं सरळ रडणारीचा हातच धरला.

"आजी, आधी विचारायचं," मॅडम म्हणाल्या. "न विचारता हात लावायचा नाही."

भाबी नापास. आमच्या आळीतला गोकुळ पास. त्याला गळ्यात घालायचं ओळखपत्र मिळालं. ते घालून तो शेळ्यांना पाणी पाजायचा.

मी म्हटलं, "चाळीस वर्षं हात धरतीस, आन कालची पोर तुला शिकवणार व्हय?"

"मॅडम खोटं न्हाय बोलल्या," भाबी म्हणाली. मला तिचाही रागच आला.

श्रावणात आळीतल्या द्वारकाबाईच्या सुनेचं, माधवीचं, आठव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून आली ती बोलेना, खाईना. डोहाळजेवणाला भाबीनंच भरलेला हिरवा चुडा हातात तसाच. सासूला तो उतरवायची घाई. कुणी जवळ गेलं की पोर हात पदराखाली घ्यायची. दहा दिवसांत पार वाळली. अशीच राहिली तर हातची जाईल, असं डॉक्टर म्हणाले.

गोकुळ धावला. ओळखपत्र सरळ केलं, कागद काढला. "वहिनी, दुःख शून्य ते दहात किती? झोप? भूक? हितं सही करा."

माधवी उठून आत गेली. "पेशंटचं सहकार्य न्हाय," म्हणत गोकुळ चहा प्यायला. दोन कप!

मग चुडा उतरवायला भाबीला बोलावलं. मीही गेले. भाबीनं पेटी उघडलीच नाही. माधवीशेजारी भिंतीला टेकून बसली. पेटी बाजूला सारून म्हणाली, "पोरी, हात घिऊ का?"

चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं.

"नको." दहा दिवसांतला पोरीचा पहिला शब्द.

"बरं. उद्या येते."

द्वारकाबाई उसळली, "अगं, धर की! तिला काय इचारतीस?"

"हात तिचा हाय, द्वारकाबाई."

भाबी रोज गेली. रोज विचारलं, रोज 'नको' घेऊन आली. पाचव्या दिवशी माधवीनं आपणच हात पुढं केला आणि गळा काढला. रडून झाल्यावर भाकरी मागितली. चुडा मात्र राहू द्या म्हणाली, आणि भाबीनं सासूला हात लावू दिला नाही.

संस्थेनं गोकुळचा सत्कार केला. त्याची केस सुधारली म्हणे! शाल घेताना लाजलासुद्धा नाही.

दिवाळीनंतर भाबीला दम लागायला लागला. तेवढ्यात माधवीचा निरोप आला, "आता या." युनूसभाई नको म्हणत होते. भाबी पेटी उचलून निघाली. साबणाच्या पाण्यानं हिरव्या बांगड्या एकेक उतरवल्या, एकही फुटू दिली नाही. फडक्यात बांधून माधवीच्या हातात दिल्या. मग नव्या भरल्या, वरची एक रीतीप्रमाणं फुकट. घरी येऊन पेटी पुसली आणि कोनाड्यात ठेवली. ती पेटी तिनं पुन्हा उचलली नाही.