डोंगराला आवतण

आमच्या उलव्याच्या सोसायटीने विमानतळाखाली गेलेल्या गावांवर नाटक बसवलं, तेव्हा धवले गायला एक आजी आली. आगऱ्यांच्या लग्नात गाण्यातून विधी लावणारी धवलारीण होती ती. नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तालमी पार्किंगमध्ये व्हायच्या. आजी डोक्यावरचा पदर घट्ट ओढून आमच्याकडे पाठ करायची आणि भिंतीकडे बघत गायची. दिग्दर्शक वैतागायचा, "आजी, पब्लिककडे बघा ना!"

"मी पब्लिकला नाय बोलवत. देव जिकडं हाय तिकडं तोंड करावं लागतं."

तिची रीत ठरलेली. एकेका देवाला गाण्यातून आवतण द्यायचं, थोडं थांबायचं, मग हात वर करून "आला" म्हणायचं. त्याशिवाय पुढच्याला हाक नाही.

प्रयोग मात्र उघड्या मैदानावर झाला. खाडीचा देव आला, गावदेवी आली. मग तिने डोंगरावरच्या देवाला बोलावलं आणि समोर बघत राहिली. समोर डोंगर नव्हताच. तो केव्हाच कापून सपाट केला होता आणि तिथे धावपट्टीचे दिवे लागले होते. तिचा हात वर गेला नाही.

मला वाटलं, विसरली. मी विंगेतून कुजबुजले, "आजी, आला म्हणा!"

"कसं म्हनू बाय? नाय आला."

माईकवरून ते सगळ्यांना ऐकू गेलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. दिग्दर्शक माझ्या कानाशी म्हणाला, "एक नंबर! हे प्रत्येक प्रयोगात ठेवू."

पडदा पडला, लोक पांगले, आम्ही खुर्च्या उचलायला लागलो. आजी अजून तिकडेच तोंड करून थांबली होती.