आमच्या दोघींचं जुळलं नाही

धाकट्या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. मी भिवंडीतच एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. वडील केव्हाच गेले होते. नारपोलीच्या घरात आई, ती आणि मी, अशा तिघीच. तिघींचा रक्तगट एकच निघाला, तेव्हा कुणी विचारायच्या आत मी म्हणाले, "माझी घ्या." खरं सांगायचं तर मला आनंदच झाला होता. ती आईची लाडकी, मी वडिलांची. वडील गेल्यापासून घरात मी जरा उपरीच झाले होते.

मुंबईच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. "मॅडम, तुमचं काहीच जुळत नाही. आईंचं निम्मं जुळतंय. त्यांचीच घेऊ."

घरी आल्यावर आई म्हणाली, "जुळत नाही म्हणजे? एका पोटच्या ना गं तुम्ही?"

शेजारच्या कापडाच्या लूमचा खडखडाट चालू होता. मी मोठ्या आवाजात सांगायला लागले. पेशीच्या अंगावर एक प्रथिन असतं. त्याच्या घड्या अशा पडतात की वर एक खाच तयार होते. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचा बारीक तुकडा त्या खाचेत बसवून बाहेर दाखवते. रक्तातली पहारा देणारी टी-पेशी येते, आणि तिच्या अंगावरचा रिसेप्टर खाच आणि तुकडा दोन्ही एकदम चाचपतो. ओळखीचं वाटलं तर ती पुढे जाते. परकं वाटलं आणि जोडीला दुसरा इशाराही मिळाला, की ती खवळते, एकीच्या हजारो होतात आणि त्या परक्या अवयवावर तुटून पडतात. खाचेच्या घडणीत दोन-चार अमिनो आम्लं वेगळी असली तरी परकं वाटायला तेवढं पुरतं.

"ही घडण निम्मी तुझ्याकडून येते, निम्मी बाबांकडून. तुझ्याकडे दोन संच होते. एक मला आला, दुसरा तिला. बाबांचंही तसंच झालं."

"मग माझंच चालेल," आई म्हणाली आणि कुकर लावायला उठली.

एमएस्सीला असताना लायब्ररीत त्या खाचेचं चित्र पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा कितीतरी वेळ मी पान उलटलं नव्हतं. आता त्याबद्दल कुणाशी बोलावं, हेच कळेना. स्टाफरूममध्ये सगळ्या बायका विचारायच्या, "आई कशी आहे? बहीण कशी आहे?"

ऑपरेशन नीट झालं. टी-पेशींना जागं करणारा निरोप पेशीच्या आतच अडवणारं औषध बहिणीला सुरू झालं. त्यामुळे साधा सर्दी-खोकलाही तिला जड गेला असता, आणि मी तर रोज शंभर मुलांत वावरणारी. महिनाभरासाठी मी जवळच्याच शेलार गावात खोली घेतली. संध्याकाळी भाजी, औषधं घेऊन दारापर्यंत जायचे. "ताई, लांबच थांब हं," ती आतून म्हणायची. पिशवी उंबऱ्यावर ठेवून मी मागे सरायचे. आत दोघी कशावर तरी हसत असायच्या.

पुढे कधीतरी ती म्हणाली, "तुझी बसली असती तर बरं झालं असतं."

"का गं?"

"आईची कंबर दुखली तरी मला अपराधी वाटतं. तुझ्याशी निदान भांडता तरी आलं असतं."

मी म्हटलं, "गोळ्या वेळेवर घे."

तिची तब्येत चांगली सुधारली, ती नोकरीलाही लागली. शेलारची खोली मात्र मी पुढची नऊ वर्षं सोडली नाही. परत ये, असं कुणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.